तपकिरी रंग कुणाचा: मानेतल्या एका गाठीचं प्रकरण

रुग्ण २४ वर्षांचा. मूळचा जुन्नर तालुक्यातला, चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, भोसरीत मित्रांबरोबर खोली करून राहणारा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर एक गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी कणकण, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, आणि काही महिन्यांत सात किलो वजन कमी. एवढं ऐकल्यावर आपल्याकडच्या डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा टीबी येतो, आणि तो यायलाच हवा. फुफ्फुसाबाहेरच्या क्षयात लसिका ग्रंथींचा क्षय भारतात सर्वांत जास्त आढळतो. सुईने घेतलेल्या नमुन्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे घट्ट पुंजके, दिसले. झील-नील्सन रंगात जंतू दिसले नाहीत, पण ग्रंथींच्या क्षयात जंतू थोडे असतात, त्यामुळे ते न दिसणं नेहमीचंच. एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू झाली.

दोन महिन्यांनी ताप थोडा उतरला होता, गाठ मात्र वाढली होती. इथे वैद्यकाची एक खरी अडचण आहे. क्षयाची औषधं लागू पडत असतानाही काही रुग्णांच्या गाठी मधल्या काळात वाढतात, कारण मेलेल्या जंतूंना शरीर जोरात प्रतिसाद देतं. म्हणून गाठ वाढली एवढ्यावरून निदान चुकलं असं कुणी म्हणत नाही, आणि रुग्णाला धीर धरायला सांगितलं जातं. या मुलाच्या डॉक्टरांनी तरीही एका नर्सिंग होममध्ये पूर्ण गाठ काढून तपासायला पाठवली, हे त्यांचं पाऊल योग्य होतं. अहवाल आला: ग्रॅन्युलोमायुक्त लिम्फॅडेनायटिस (लसिका ग्रंथीचा दाह), क्षयाशी सुसंगत, काही मोठ्या पेशी दिसतात, पण आयएचसीमध्ये (प्रतिपिंडांनी रंग देऊन केलेल्या तपासणीत) लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा, पुरावा नाही. गोळ्या पुढे चालू राहिल्या.

पाचव्या महिन्यात मानेच्या उजव्या बाजूलाही गाठी लागल्या, आणि छातीच्या एक्स-रेमध्ये दोन फुफ्फुसांमधला भाग रुंदावलेला दिसला. नव्या फिजिशियननी जुना अहवाल वाचला आणि ब्लॉक व स्लाइड दुसऱ्या मतासाठी आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगितलं. मुलाचा थोरला भाऊ ते घेऊन आला. पुण्यात हे रोज घडतं: पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवलेला आपल्या माणसाचा तुकडा नातेवाईक स्वतःच पिशवीतून घेऊन शहरभर फिरत असतात. भाऊ म्हणाला, "मॅडम, कोर्स अर्धवट सोडला तर औषधं लागू पडायची थांबतात, असं आम्हाला सांगितलं होतं. त्यानं एक गोळी चुकवलेली नाही." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते. रुग्णाने आपलं काम चोख केलं होतं.

नेहमीच्या रंगातली काच

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या काचेवर ग्रॅन्युलोमा होते, याबद्दल वाद नाही. आधीच्या अहवालातलं ते निरीक्षण बरोबरच होतं. पण ग्रॅन्युलोमांच्या मधल्या जागेत लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी आणि भरपूर इओसिनोफिल अशा वेगवेगळ्या पांढऱ्या पेशी होत्या, आणि त्या गर्दीत अधूनमधून एखादी अवाढव्य पेशी होती. तिचं केंद्रक फिकट, आणि त्यात लालसर ठळक केंद्रकी. एका ठिकाणी केंद्रक दुहेरी होतं. टिश्यूचा मधला भाग मात्र धूसर होता. पेशींच्या कडा विरघळल्यासारख्या, केंद्रकांतला तपशील पुसलेला. त्या भागात या मोठ्या पेशी नक्की काय आहेत हे शपथेवर सांगणं कुणालाही कठीण गेलं असतं.

हॉजकिन लिम्फोमामध्ये खऱ्या कर्करोगाच्या पेशी फार थोड्या असतात, पुष्कळदा एकूण पेशींच्या एका टक्क्याहूनही कमी. बाकी सगळी गर्दी त्यांनी सोडलेल्या रासायनिक संदेशांमुळे गोळा झालेली असते, आणि त्या गर्दीत ग्रॅन्युलोमाही असू शकतात. म्हणून ग्रॅन्युलोमा दिसले की हॉजकिन नाही, असं म्हणता येत नाही. यातला इतिहास मला दर वेळी थक्क करतो. १८९८ साली कार्ल स्टर्नबर्ग यांनी या मोठ्या पेशींचं वर्णन केलं, ते लसिका ग्रंथींच्या एका वेगळ्या प्रकारच्या क्षयाचं म्हणून. त्यांच्या कितीतरी रुग्णांना क्षयही होता. १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी हा क्षयाहून निराळा आजार आहे असं मांडलं. या पेशींना आज दोघांचंही नाव आहे. ज्या गोंधळातून हा आजार ओळखीला आला, तोच गोंधळ आपल्या देशात आजही रुग्णांच्या वाट्याला येतो, कारण आपल्याकडे क्षय खरोखरच घरोघरी आहे.

प्रतिपिंडाने रंग देणं म्हणजे काय

जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पेशीवर किंवा पेशीत एखादं ठरावीक प्रथिन आहे का, हे नेहमीच्या रंगांना कळत नाही. म्हणून त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड टिश्यूच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या कापावर सोडतात. १९४१-४२ साली अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून न्यूमोकॉकस जंतूचा प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटतं तो रेणू) टिश्यूत दाखवला. १९६० च्या दशकात चमकत्या रंगाच्या जागी एन्झाइम जोडण्याची युक्ती आली, आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरेसा झाला. आज बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रतिपिंडावर दुसरं प्रतिपिंड बसतं, त्याला पेरॉक्सिडेज या एन्झाइमचे अनेक रेणू जोडलेले असतात. मग डीएबी नावाचं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की एन्झाइम जिथे आहे तिथे तपकिरी, न विरघळणारा साका बसतो. शेवटी हिमॅटॉक्सिलिनने बाकीच्या केंद्रकांना निळा रंग देतात.

म्हणजे आपण काचेवर पाहतो ते पेरॉक्सिडेजचं काम. प्रतिजन तिथे आहे हा त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. या प्रकरणाची किल्ली याच फरकात होती.

जुन्या काचा

आधीच्या प्रयोगशाळेने चार प्रतिपिंडं लावली होती: सीडी३, सीडी२०, सीडी१५ आणि सीडी३०. ही नावं ती ज्या खुणा शोधतात त्यांची: सीडी३ टी-लिम्फोसाइटवर, सीडी२० बी-लिम्फोसाइटवर, आणि सीडी१५ व सीडी३० हॉजकिनच्या मोठ्या पेशींवर सहसा असतात. चारच का, हे समजण्यासारखं आहे. प्रत्येक प्रतिपिंडाचे वेगळे पैसे पडतात, आणि कारखान्यातल्या कामगाराच्या घरच्यांना आधीच बराच खर्च झालेला असतो.

सीडी१५ आणि सीडी३० या दोन्ही काचांवर मोठ्या पेशी कोऱ्या होत्या. पण काचा रंगहीन नव्हत्या. दोन्हींवर ठिकठिकाणी छान, दाट तपकिरी पेशी दिसत होत्या. घाईत पाहिलं तर वाटतं की प्रक्रिया चालली आहे, इतर पेशींनी रंग घेतला आहे, मोठ्यांनी घेतला नाही, म्हणजे त्या निगेटिव्ह.

मी त्या तपकिरी पेशी मोठ्या लेन्सखाली पाहिल्या. दोन पाळ्यांचं केंद्रक, जाड दाणेदार पेशीद्रव: इओसिनोफिल. सीडी१५ च्या काचेवर इओसिनोफिलने रंग घेतला तर त्यात वावगं काही नाही, कारण त्यांच्यावर हा प्रतिजन असू शकतो. पण सीडी३० च्या काचेवरही नेमक्या त्याच पेशी, तेवढ्याच गडद तपकिरी होत्या. इओसिनोफिलच्या अंगावर सीडी३० अशा रीतीने दिसण्याचं काही कारण नाही. मग हा रंग आला कुठून? इओसिनोफिलच्या दाण्यांत त्यांचं स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं, आणि ते चिवट असतं. फॉर्मॅलिन आणि पॅराफिनमधूनही त्याची क्रिया बऱ्यापैकी टिकते. म्हणूनच प्रतिपिंड घालण्याआधी काच हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून हे अंगचं एन्झाइम निकामी करायचं असतं. ते द्रावण जुनं झालं असेल किंवा वेळ कमी पडली असेल, तर डीएबी घालताच इओसिनोफिल आपोआप तपकिरी होतात. प्रतिपिंड त्या जागी चिकटलेलंच नसतं.

दुसरी खूण याच्या उलट होती. सीडी१५ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर भरपूर असतं. काचेवर एका कोपऱ्यात रक्तवाहिनी होती आणि तिच्यात न्यूट्रोफिल स्पष्ट दिसत होते. ते कोरे होते. ज्या पेशीने रंग घेतलाच पाहिजे ती कोरी, आणि ज्या पेशीने घेऊ नये ती तपकिरी: अशा काचेवरून मोठ्या पेशींबद्दल काहीही म्हणता येत नाही. हो नाही आणि नाहीही नाही. तिथे निगेटिव्ह हा शब्द लिहिण्याचा अधिकारच कुणाला नसतो.

सीडी२० च्या काचेने कारणाचा धागा दिला. कापाच्या कडेला बी-लिम्फोसाइट नीट रंगले होते आणि आत जाता जाता रंग फिका होत मध्यभागी जवळजवळ नाहीसा झाला होता. अशी पट्टेदार रंगत दिसली की फॉर्मॅलिन आत पोचलं नव्हतं असं समजावं. चौकशी केल्यावर उलगडा झाला. जवळपास तीन सेंटिमीटरची गाठ न कापता, अखंड, अरुंद तोंडाच्या छोट्या बाटलीत घातलेली होती आणि फॉर्मॅलिन ती जेमतेम बुडेल एवढंच होतं. शनिवारी संध्याकाळी शस्त्रक्रिया, सोमवारी बाटली प्रयोगशाळेत. फॉर्मॅलिन सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, पुढे हा वेग मंदावत जातो, आणि आत शिरल्यावर प्रथिनांशी बंध जुळायला आणखी वेळ लागतो. गाठीचं वेष्टण चिवट असतं, द्रावण थोडं होतं, आणि मधला भाग तोवर स्वतःच्याच एन्झाइमांनी कुजायला लागलेला होता. पुण्याच्या मे महिन्यात हे आणखी लवकर होतं.

दुसरा ब्लॉक

सुदैवाने गाठीचे दोन ब्लॉक केलेले होते. ग्रॅन्युलोमा जास्त म्हणून आयएचसी पहिल्या ब्लॉकवर झालं होतं, आणि तो गाठीच्या मध्यातून घेतलेला होता. दुसऱ्यात वेष्टणाला लागून असलेली कड होती. त्याचा ताजा काप काढून नेहमीचा रंग दिला, तेव्हा पेशी स्वच्छ दिसल्या. मोठ्या पेशीही होत्या. पुढचं सगळं काम या ब्लॉकवर केलं.

आता उष्णतेबद्दल. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांत बांधून टाकतं, त्यामुळे प्रतिपिंडाला जिथे बसायचं तो भाग झाकला जातो. १९९१ मध्ये शी (Shi), की (Key) आणि कालरा या संशोधकांनी दाखवलं की काप द्रावणात टाकून मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर झाकलेला प्रतिजन पुन्हा उघडा होतो. त्या एका शोधनिबंधाने पॅथॉलॉजीचं रोजचं काम बदललं. कपाटात वर्षानुवर्षं पडलेले ब्लॉक पुन्हा बोलू लागले. पण किती तापवायचं आणि कशात, याला फार महत्त्व आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सोप्या प्रतिजनांना तेवढं पुरतं, हट्टी प्रतिजनांना पुरेलच असं नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. स्वयंचलित यंत्रं आली तरी पुण्यातल्या कितीतरी प्रयोगशाळांत स्टीलचा कुकर अजून मानाने उभा आहे, आणि तो चालवणाऱ्या टेक्निशियनचं कान देऊन प्रेशर ओळखणं हे खरं कौशल्य आहे. आम्ही ट्रिस-ईडीटीए, पीएच ९ हे द्रावण वापरून कुकरमध्ये काप तापवले आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं ताजं द्रावण करून घेतलं.

प्रत्येक प्रतिपिंडाबरोबर तीन गोष्टी ठेवल्या. एक, टॉन्सिलचा काप, जिथे रंग येणार हे ठाऊक असतं. दोन, याच रुग्णाचा एक काप ज्यावर पहिलं प्रतिपिंड घातलंच नाही, बाकी सगळं तसंच केलं. तीन, रुग्णाच्या कापातल्याच निरोगी पेशी, ज्यांच्यावर तो प्रतिजन असायलाच हवा. पैसे वाचवायचे म्हणून लोक दुसरी काच गाळतात, कारण ती कोरीच येणार असते. इओसिनोफिलने भरलेल्या गाठीत ती काच गाळू नये. शिवाय सीडी१५ दुसऱ्या पद्धतीनेही लावून पाहिलं: पेरॉक्सिडेजऐवजी अल्कलाइन फॉस्फटेज, आणि तपकिरीऐवजी लाल रंग. या मार्गात इओसिनोफिलच्या पेरॉक्सिडेजला काहीच वाव राहत नाही.

प्रतिपिंड न घातलेली काच पूर्ण निळी आली, इओसिनोफिलसुद्धा. मग बाकीच्या काचा पाहिल्या.

सीडी३०: मोठ्या पेशींच्या कडेला तपकिरी रेघ आणि केंद्रकाशेजारी गॉल्जी या पेशीतल्या भागाच्या जागी एक ठिपका. सीडी१५: न्यूट्रोफिल लखलखीत, आणि मोठ्या पेशींपैकी बऱ्याच रंगलेल्या, दोन्ही पद्धतींनी. सगळ्या रंगल्या नव्हत्या, आणि तशी अपेक्षाही नसते. हॉजकिनच्या काही रुग्णांत सीडी१५ येतच नाही. सीडी२०, सीडी३, सीडी४५: भोवतालचे लिम्फोसाइट आपापल्या काचेवर गडद, मोठ्या पेशी कोऱ्या. सीडी३ च्या काचेवर टी-लिम्फोसाइट मोठ्या पेशींना कडं करून बसलेले दिसत होते.

पॅक्स५ या बी-लिम्फोसाइटच्या केंद्रकातल्या प्रथिनाची काच मला सर्वांत आवडते, कारण तिथे फिका रंग हाच निकाल असतो. लहान बी-लिम्फोसाइटची केंद्रकं गडद तपकिरी, मोठ्या पेशींची फिकट तपकिरी. या पेशी मुळात बी-लिम्फोसाइटच्या वंशातल्या, पण त्या कुळाची बहुतेक लक्षणं त्यांनी टाकून दिलेली असतात. पॅक्स५ थोडंसं उरतं. ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा या दुसऱ्या लिम्फोमामध्येही सीडी३० येतं, पण पॅक्स५ सहसा येत नाही, म्हणून ही फिकी छटा तिथे निर्णायक ठरते. आणि ती फिकी आहे हे शेजारच्या गडद पेशी असल्याशिवाय कळणार कसं? खराब टिकवलेल्या टिश्यूत हीच छटा आधी जाते.

एपस्टीन-बार विषाणूचं एलएमपी१ हे प्रथिनही मोठ्या पेशींत मिळालं. भारतातल्या हॉजकिन रुग्णांत हा विषाणू पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते: याच विषाणूच्या साध्या संसर्गातही मोठ्या, सीडी३० घेणाऱ्या पेशी दिसतात. कुठलंही एक प्रतिपिंड निदान सांगत नाही. गर्दीचं स्वरूप, पेशींचं रूप आणि सगळ्या काचा एकत्र वाचूनच अहवाल लिहिला: क्लासिक हॉजकिन लिम्फोमा, मिश्रपेशी प्रकार, ग्रॅन्युलोमांसह.

क्षय होता का?

भावाने हाच प्रश्न विचारला, आणि फिजिशियननीही. प्रामाणिक उत्तर असं की या टिश्यूवरून क्षय असल्याचा पुरावा मिळाला नाही, पण अखंड गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेल्याने जंतूंचं कल्चर करण्याची संधी तिथेच संपली. फॉर्मॅलिन जंतू मारतं. गाठ काढताना एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवला असता तर कल्चर आणि सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) दोन्ही करता आले असते. हॉजकिन आणि क्षय एकाच माणसात असू शकतात, स्टर्नबर्ग यांच्या रुग्णांत ते होतेच. फिजिशियननी छातीचा स्कॅन, थुंकीची तपासणी आणि कर्करोगतज्ज्ञांशी चर्चा करून क्षयाची औषधं थांबवली. त्यात आणखी एक विचार होता. रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध यकृतातली एन्झाइमं वाढवून कितीतरी औषधं शरीरातून लवकर बाहेर काढतं, आणि पुढच्या केमोथेरपीतली काही औषधं त्यात मोडतात.

पेट-सीटीमध्ये (सक्रिय गाठी चमकताना दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) मानेच्या दोन्ही बाजू आणि छातीच्या मधल्या गाठी दिसल्या. पोट आणि हाडं स्वच्छ. ताप, घाम आणि वजन घटणं धरून दुसरा टप्पा, बी. एबीव्हीडी ही चार औषधांची केमोथेरपी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून सुरू झाली. दोन सायकलनंतरच्या पेट-सीटीमध्ये गाठींची चमक गेली होती, ही या आजारात फार चांगली खूण मानतात. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाचं राहिलेलं वर्ष पूर्ण करायचं म्हणतो आहे, असं भावाने फोनवर सांगितलं.

या प्रकरणानंतर आम्ही आमच्या अहवालाचा नमुना बदलला. आता प्रत्येक प्रतिपिंडापुढे मोठ्या पेशींचा निकाल लिहिण्याआधी कापातल्या कुठल्या निरोगी पेशीने रंग घेतला ते लिहावं लागतं: सीडी१५, न्यूट्रोफिल पॉझिटिव्ह, पॅक्स५, लहान बी-लिम्फोसाइट पॉझिटिव्ह. ती जागा रिकामी राहिली तर पुढची ओळ लिहायची नाही. काच पुन्हा लावायची, किंवा टिश्यू तपासण्यायोग्य नाही असं स्पष्ट कळवायचं. आणि गाठी पाठवणाऱ्या नर्सिंग होमना रुंद तोंडाच्या बाटल्या आणि एक छापील कागद देतो. त्यावर मजकूर थोडाच आहे: गाठ काढल्याबरोबर मधोमध कापा, एक छोटा तुकडा सलाइनमध्ये वेगळ्या बाटलीत ठेवा, उरलेल्याचे चार मिलिमीटरचे काप करून दहापट फॉर्मॅलिनमध्ये घाला, बाटलीवर काढल्याची वेळ लिहा, आणि शनिवार असेल तर आमच्या टेक्निशियनला फोन करा, तो येऊन घेऊन जाईल.